खेकडा-अभ्रिका : उच्च-ऊर्जा दुर्बिणींचा मानदंड व त्याचे दीर्घकालीन स्थैर्य

१. प्रास्ताविक

डिसेंबरच्या मध्यास मध्यरात्रीच्या सुमारास गोंदिया शहरातून थेट डोक्यावर दृष्टी टाकली असता वृषभाच्या दक्षिण शिंगाच्या टोकाशी असलेला एक मध्यम तेजाचा तारा खस्वस्तिकाच्या अगदी जवळ आढळतो. पाश्चात्त्य नामावलीत त्यास झीटा टॉरी म्हणतात. या ताऱ्याच्या वायव्येस सुमारे एक अंशावर डोळ्यांना न दिसणारी, परंतु लहान दुर्बिणीतून धुरकट ठिपक्यासारखी भासणारी एक अभ्रिका आहे. तीच खेकडा-अभ्रिका होय. (नावातील साम्यामुळे तिचा कर्क राशीशी संबंध जोडू नये.) गोंदियाचा अक्षांश सुमारे २१° २७′ उत्तर आहे आणि अभ्रिकेची क्रांती सुमारे २२° २′ आहे. अर्थात याम्योत्तर ओलांडताना ती गोंदियाच्या खस्वस्तिकापासून जेमतेम अर्धा अंश उत्तरेकडे, म्हणजे चंद्रबिंबाच्या रुंदीहून किंचित अधिक अंतरावर असते.

आकाशातील या बिंदूस क्ष-किरण व गॅमा-किरण खगोलशास्त्रात असाधारण महत्त्व आहे. १९७० च्या दशकापासून उच्च ऊर्जेच्या बहुतेक सर्व दुर्बिणी आपले मोजमाप याच अभ्रिकेवर पारखून घेत आल्या. तिचे तेज स्थिर आहे हे त्यामागील गृहीतक. २०११ साली मात्र हे तेज काही वर्षांत अनेक टक्क्यांनी बदलते, असे निःसंदिग्धपणे प्रसिद्ध झाले. मापाची पट्टीच लांब-आखूड होऊ लागल्यास त्या पट्टीने घेतलेल्या मापांचे काय करावयाचे, आणि पट्टी बदलली की मोजणारा हात चुकला हे कसे ठरवावयाचे, या दोन प्रश्नांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

२. अंशशोधनाची आवश्यकता

गोंदिया हा भातशेतीचा जिल्हा आहे. पूर्वी येथे धानाचा व्यवहार पायली आणि खंडी या मापांनी होई, आणि ही मापे मुलखागणिक वेगवेगळी असत. १९५६ च्या कायद्याने देशभर दशमान वजनमापांचा मार्ग मोकळा झाला. आज धान खरेदीच्या काट्यावर ठराविक मुदतीने सरकारी पडताळणीची छाप घ्यावी लागते. काट्याने दाखविलेला आकडा म्हणजे वजन नव्हे. ज्ञात वजन ठेवून पाहिल्यावरच त्या आकड्यास अर्थ प्राप्त होतो. ही पारखणी म्हणजेच अंशशोधन.

क्ष-किरण दुर्बिणीची स्थिती तत्त्वतः अशीच असते. तिचा अभिज्ञातक केवळ स्पंद मोजतो : अमुक सेकंदांत अमुक उंचीचे अमुक इतके विद्युत्-स्पंद. त्यांपासून दर चौरस सेंटिमीटरवर दर सेकंदास किती फोटॉन आले हे काढण्यासाठी चार गोष्टी ठाऊक असाव्या लागतात : उपकरणाचे परिणामी क्षेत्रफळ, निरनिराळ्या ऊर्जांचे फोटॉन शोषण्याची त्याची कार्यक्षमता, स्पंदाची उंची व फोटॉनाची ऊर्जा यांचा संबंध, आणि विश्वकिरणांमुळे उद्भवणारी पार्श्वभूमी. प्रक्षेपणापूर्वी या राशी प्रयोगशाळेत किरणोत्सर्गी समस्थानिके व क्ष-किरणांच्या शलाका यांच्या साहाय्याने मोजल्या जातात. परंतु प्रक्षेपणाचे हादरे, तपमानाचे चढउतार, कणांचा मारा आणि वायूची गळती यांमुळे कक्षेत गेल्यानंतर त्या बदलत राहतात, आणि उपकरण पुन्हा प्रयोगशाळेत आणता येत नाही. यास्तव ज्ञात वजन आकाशातच शोधावे लागते.

जमिनीवरील गॅमा-किरण दुर्बिणींची अडचण याहून बिकट आहे. सुमारे एक लक्षकोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा गॅमा-किरण वातावरणात शिरला की कणांचा वर्षाव निर्माण होतो आणि त्या कणांमुळे चेरेंकॉव्ह प्रारणाची काही अब्जांश सेकंद टिकणारी निळसर चमक जमिनीवर पोचते. दुर्बीण पाहते ती ही चमक. म्हणजे येथे वातावरणाचा सबंध थर हाच अभिज्ञातकाचा एक भाग ठरतो. इतक्या उच्च ऊर्जेच्या गॅमा-किरणांची ज्ञात शलाका वातावरणाच्या माथ्यावर सोडणे कोणत्याही प्रयोगशाळेला शक्य नाही. खस्वस्तिकाजवळील स्रोतासाठी वातावरणातील मार्ग सर्वांत लहान असतो आणि मोजता येणारी किमान ऊर्जाही सर्वांत कमी असते. मध्य भारताच्या अक्षांशांवर खेकडा-अभ्रिका डोक्यावरून जाते, हा योगायोग म्हणूनच प्रयोगदृष्ट्या मोलाचा आहे.

३. मानदंडाची निवड

मानदंड ठरणाऱ्या स्रोताच्या अंगी पाच गुण असावेत : तो तेजस्वी असावा, स्थिर असावा, त्याचा वर्णपट साध्या गणिती रूपाचा असावा, कोनीय आकार लहान असावा आणि जवळपास दुसरा प्रबळ स्रोत नसावा. क्ष-किरण आकाशातील बहुतेक तेजस्वी स्रोत दुसऱ्याच गुणात नापास होतात. कारण ते जोडतारे असून साथीदाराकडून ओढलेल्या वायूवर त्यांचे तेज अवलंबून असते, आणि वायूचा पुरवठा क्षणोक्षणी कमीजास्त होतो.

खेकडा-अभ्रिका या वर्गातील नाही. चिनी ज्योतिषांनी १०५४ साली नोंदलेल्या अतिदीप्त नवताऱ्याचा तो अवशेष असून तिचे अंतर सुमारे ६,५०० प्रकाशवर्षे आहे. १९६३ मध्ये अग्निबाणाच्या साहाय्याने तिचे क्ष-किरण प्रथम आढळले. १९६४ साली चंद्राने तिचे पिधान केले, त्या वेळी सोडलेल्या अग्निबाणावरील गणित्रांत क्ष-किरणांचा प्रवाह एकदम न थांबता क्रमाक्रमाने ओसरला. त्यावरून स्रोत बिंदुरूप नसून सुमारे एक कला पसरलेला आहे असे दिसून आले. अभ्रिकेच्या अंतरास एक कला म्हणजे जवळजवळ दोन प्रकाशवर्षे. एवढ्या विस्तृत प्रदेशाचे तेज अल्पावधीत बदलणार नाही, हा विश्वास येथूनच दृढ झाला.

१९७४ साली टूर व सीवर्ड यांनी तोवरची मापने एकत्र करून तिचा वर्णपट मानदंड म्हणून पुढे मांडला. त्याचे रूप अत्यंत सुटसुटीत आहे. फोटॉनाची ऊर्जा ‘ऊ’ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्ट (यापुढे कि.इ.व्हो.) असता दर चौरस सेंटिमीटरवर, दर सेकंदास, दर कि.इ.व्हो. मागे येणारे फोटॉन = ९.७ × (ऊ चा उणे २.१ वा घात). आंतरतारकीय वायूतील शोषण वगळून या सूत्राचे समाकलन केल्यास २ ते १० कि.इ.व्हो. या पट्ट्यात दर चौरस सेंटिमीटरवर सेकंदास सुमारे ३.४ फोटॉन, तर २० ते १०० कि.इ.व्हो. या पट्ट्यात सुमारे ०.२७ फोटॉन मिळतात. पुढे अन्य स्रोतांचे तेजही ‘इतके क्रॅब’ किंवा ‘इतके मिलिक्रॅब’ असे सांगण्याचा प्रघात पडला. २ ते १० कि.इ.व्हो. मध्ये एक क्रॅब म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर सेकंदास सुमारे २.४ × १०⁻⁸ अर्ग.

अतिउच्च ऊर्जेच्या क्षेत्रातही असेच घडले. १९८९ मध्ये अमेरिकेतील व्हिपल वेधशाळेच्या १० मीटर दुर्बिणीने या अभ्रिकेपासून येणारे लक्षकोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टचे गॅमा-किरण खात्रीने पकडले, आणि तेव्हापासून जमिनीवरील प्रत्येक नवीन दुर्बीण आपली पहिली परीक्षा येथेच देते. हे फोटॉन किती विरळ असतात हे एका हिशेबाने स्पष्ट होईल. एक लक्षकोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टवरील प्रवाह दर चौरस सेंटिमीटरवर सेकंदास सुमारे २ × १०⁻¹¹ आहे. म्हणजे एक चौरस मीटर क्षेत्रावर सुमारे दोन महिन्यांत एक फोटॉन पडेल. चेरेंकॉव्ह चमक मात्र एक लाख चौरस मीटरवर पसरत असल्याने तीच दुर्बीण मिनिटास साधारण एक फोटॉन टिपू शकते.

या निवडीत एक तार्किक धोका दडलेला होता. उपकरण अ ने आपला प्रतिसाद क्रॅबशी जुळवून घेतला, ब नेही तसेच केले. त्यानंतर अ आणि ब यांचे क्रॅबविषयी एकमत झाले तर त्या एकमतास पुराव्याचे मूल्य नाही. जे गृहीत धरले तेच निष्कर्ष म्हणून बाहेर आले, एवढाच त्याचा अर्थ. स्थैर्याची खरी परीक्षा घ्यावयाची तर क्रॅबच्या आधाराशिवाय उभे राहू शकणारे मापन हवे.

४. तेजाचा उगम

अभ्रिकेच्या मध्याशी असलेला स्पंदतारा १९६८ साली सापडला. हा न्यूट्रॉन तारा सुमारे ३३ सहस्रांश सेकंदांत स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करतो आणि त्याचा आवर्तकाल दररोज सुमारे ३६ अब्जांश सेकंदांनी वाढतो. परिवलन मंदावताना जी ऊर्जा मोकळी होते ती सूर्याच्या एकूण तेजाच्या लाखपट आहे. ही ऊर्जा इलेक्ट्रॉन, पॉझिट्रॉन व चुंबकीय क्षेत्र यांच्या वाऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. हा वारा एका आघात-सीमेवर अडतो, तेथे कणांना प्रचंड वेग प्राप्त होतो आणि चुंबकीय क्षेत्रात वळताना ते सिंक्रोट्रॉन प्रारण टाकतात. क्ष-किरणांतील अभ्रिका दिसते ती या प्रारणामुळे.

यावरून स्थैर्याविषयी दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, ऊर्जापुरवठा करणाऱ्या ताऱ्याचे मंदावणे अत्यंत नियमित आहे. आवर्तकालातील सापेक्ष वाढ वर्षास सुमारे ०.०४ टक्के असून, मंदनाचा घातांक २.५ धरल्यास ऊर्जापुरवठ्यातील घट वर्षास सुमारे ०.१४ टक्के येते. केवळ याच कारणाने अभ्रिका मंद होत असेल तर दहा वर्षांत दीड टक्का फरक पडेल, आणि व्यवहारात तो उपेक्षणीय मानता येईल.

दुसरा निष्कर्ष याच्या विरुद्ध दिशेने जातो. सिंक्रोट्रॉन प्रारणाने इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा गमावतो. जितकी अधिक ऊर्जेचा फोटॉन तो टाकतो तितके त्याचे आयुष्य कमी. हे आयुष्य फोटॉन-ऊर्जेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. अभ्रिकेतील चुंबकीय क्षेत्र काही दशसहस्रांश गौस आहे. ते तीन दशसहस्रांश गौस धरल्यास १ कि.इ.व्हो. चे फोटॉन देणारे इलेक्ट्रॉन दहा-बारा वर्षे, ३० कि.इ.व्हो. चे देणारे दोन-अडीच वर्षे, आणि १०० कोटी नव्हे तर केवळ १० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टचे फोटॉन देणारे अवघे दोन आठवडे टिकतात. अल्पायुषी इलेक्ट्रॉन आघात-सीमेपासून फार दूर जाऊ शकत नाहीत. म्हणून ऊर्जा जसजशी वाढते तसतशी चकाकणारी जागा लहान होत जाते, आणि तेथील पुरवठ्यातील लहानसा बदलही तेजात लवकर उमटतो. सारांश, अभ्रिकेचे स्थैर्य हा सर्व ऊर्जांना सारखाच लागू पडणारा गुण नव्हे. सिंक्रोट्रॉन प्रारणापुरते पाहता, ऊर्जा वाढेल तसे स्थैर्य घटते.

५. दिवा मंदावला की दृष्टी?

फर्मी उपग्रहावरील गॅमा-किरण स्फोट निरीक्षकात सोडियम आयोडाइडचे बारा अभिज्ञातक आहेत. ते प्रतिमा घेत नाहीत. परंतु उपग्रहाच्या प्रत्येक फेरीत पृथ्वी अभ्रिकेच्या आड येते तेव्हा त्यांच्या गणनेत एक पायरी पडते, आणि ती दूर होते तेव्हा पुन्हा पायरी चढते. या पायरीची उंची म्हणजे अभ्रिकेचे तेज. कॉलीन विल्सन-हॉज व त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, २००८ च्या ऑगस्टपासून पुढील दोन वर्षांत ही उंची १५ ते ५० कि.इ.व्हो. पट्ट्यात सुमारे ७ टक्क्यांनी उतरली आहे.

अशा प्रसंगी पहिला संशय उपकरणावर घेणे हे प्रयोगकर्त्याचे कर्तव्यच आहे. स्फटिक निस्तेज झाला असेल, प्रकाशगुणकाचा विद्युत्-दाब सरकला असेल, पार्श्वभूमीचा हिशेब चुकला असेल. त्यातच ही घट उच्च ऊर्जेस अधिक होती : १२ ते ५० कि.इ.व्हो. मध्ये सुमारे ५.४ टक्के, तर १०० ते ३०० कि.इ.व्हो. मध्ये सुमारे १२ टक्के. कार्यक्षमता गमावत चाललेल्या अभिज्ञातकाची लक्षणेही नेमकी अशीच असतात.

या संशयाचे निरसन दोन स्वतंत्र मार्गांनी झाले. पहिला मार्ग अन्य साक्षीदारांचा. स्विफ्ट उपग्रहावरील कॅडमियम-झिंक-टेल्युराइडचा अभिज्ञातक, इंटिग्रल उपग्रहावरील कॅडमियम टेल्युराइडचा अभिज्ञातक आणि रॉसी उपग्रहावरील झेनॉन वायूची प्रमाणी गणित्रे या तिन्हींच्या नोंदी तपासण्यात आल्या. स्फटिक, अर्धवाहक व वायू यांच्या जराजीर्ण होण्याच्या तऱ्हा परस्परांपासून सर्वस्वी भिन्न आहेत. कक्षा भिन्न, पार्श्वभूमी भिन्न, विश्लेषणाच्या रीतीही भिन्न. तरीही चौघांनी एकाच काळात जवळजवळ एकसारखीच घट दाखविली. चार निरनिराळ्या बनावटीची घड्याळे एकाच वेळी सारखीच मागे पडावीत हा योगायोग संभवत नाही. शिवाय रॉसी उपग्रहाच्या १९९९ पासूनच्या नोंदीत हे तेज कधी चढते, कधी उतरते, आणि बदलाचा वेग वर्षास सुमारे साडेतीन टक्क्यांपर्यंत जातो, असेही निष्पन्न झाले. या गणित्रांच्या अंशशोधनात अभ्रिका स्थिर धरली होती हे ध्यानात घेता त्यांची साक्ष अधिकच बोलकी ठरते.

दुसरा मार्ग अधिक सूक्ष्म असून प्रत्येक अभ्यासकाने मनात ठसवून घ्यावा असा आहे. अभ्रिकेपासून येणाऱ्या क्ष-किरणांचे दोन भाग पाडता येतात : स्पंदताऱ्याचे नियमित स्पंद आणि अभ्रिकेचे अखंड तेज. दोहोंचे फोटॉन एकाच अभिज्ञातकात, एकाच वेळी, त्याच गवाक्षातून शिरतात. उपकरणाची दृष्टी अधू झाली असेल तर दोन्ही भाग सारख्याच प्रमाणात घटले पाहिजेत. अभ्रिकाच मंदावली असेल तर अखंड तेज घटेल, स्पंद मात्र जसेच्या तसे राहतील. प्रत्यक्षात स्पंदांची घट वर्षास सुमारे ०.२ टक्के, म्हणजे ताऱ्याच्या मंदावण्याशी जुळणारी आढळली. अखंड तेजाची घट त्याच्या कितीतरी पट होती. दोष दृष्टीचा नव्हता, दिव्याचा होता.

६. अल्पकालीन स्फुरणे

दीर्घकालीन बदलाचा हा निष्कर्ष प्रसिद्ध होत असतानाच त्याहून धक्कादायक वार्ता आली. सप्टेंबर २०१० मध्ये इटलीच्या अजिले उपग्रहाने, आणि पाठोपाठ फर्मी उपग्रहावरील मोठ्या दुर्बिणीने, १० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टवरील गॅमा-किरणांत अभ्रिकेचे तेज काही दिवसांपुरते अनेक पटींनी वाढलेले पाहिले. एप्रिल २०११ मधील स्फुरणात सिंक्रोट्रॉन भागाचे तेज सरासरीच्या सुमारे तीसपट झाले. काही तासांत बदलणारे तेज काही प्रकाशतासांहून मोठ्या जागेतून येऊ शकत नाही. म्हणजे अनेक प्रकाशवर्षे पसरलेल्या अभ्रिकेतील एखाद्या चिमुकल्या प्रदेशात इलेक्ट्रॉनांना असाधारण ऊर्जा मिळाली असली पाहिजे. चुंबकीय रेषांची तुटून पुन्हा होणारी जोडणी हे यामागील कारण असावे, असे अनेक अभ्यासक मानतात.

लक्षकोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या क्षेत्रात मात्र या स्फुरणांच्या वेळी निश्चित म्हणावी अशी वाढ दिसली नाही. वरवर पाहता हे विलक्षण वाटते, कारण येथे ऊर्जा त्याहून हजारोपट अधिक आहे. परंतु हे फोटॉन सिंक्रोट्रॉन प्रारणाचे नसून व्यस्त कॉम्प्टन प्रकीर्णनाने निर्माण होतात. त्यांना जन्म देणारे इलेक्ट्रॉन सिंक्रोट्रॉन प्रारणाच्या दृष्टीने अतिनील व मृदू क्ष-किरण देणारे, म्हणून कित्येक दशके टिकणारे असतात. स्थैर्याचा प्रश्न ऊर्जेच्या आकड्यावरून नव्हे, तर प्रारणाच्या यंत्रणेवरून सोडवावा लागतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

७. भारतीय उपकरणांचा अनुभव

या विषयातील भारतीय कार्य बव्हंशी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेभोवती वाढले. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात हैदराबादहून सोडलेल्या फुग्यांतून कठीण क्ष-किरणांचे मापन सुरू झाले. गॅमा-किरणांसाठी प्रथम उदकमंडलम् येथे व नंतर पचमढी येथे चेरेंकॉव्ह प्रयोग उभारले गेले. पचमढी गोंदियाच्या वायव्येस असून तिचा अक्षांश सुमारे २२° २८′ आहे. तेथे अभ्रिका खस्वस्तिकाच्या अर्धा अंश दक्षिणेकडून जाते, गोंदियास अर्धा अंश उत्तरेकडून. सुमारे १,०७५ मीटर उंचीवरील त्या पठारावर २५ दुर्बिणींची मांडणी केली होती आणि प्रत्येक दुर्बिणीत सात आरसे होते. पुढे लडाखमधील हानले येथे सुमारे ४,२७० मीटर उंचीवर सात दुर्बिणींचा हगार हा संच आला. तेथेच भाभा अणुसंशोधन केंद्राच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या २१ मीटर व्यासाच्या मेस दुर्बिणीचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. या सर्वांचा कसोटीचा दगड एकच.

२८ सप्टेंबर २०१५ रोजी ॲस्ट्रोसॅट हा उपग्रह श्रीहरिकोट्याहून ६५० किलोमीटर उंचीच्या कक्षेत गेला. त्यावरील कॅडमियम-झिंक-टेल्युराइड प्रतिमादर्शक (सीझेडटीआय) ऑक्टोबरच्या आरंभी सुरू झाला तेव्हा प्रथम पाहिला गेलेला स्रोत म्हणजे खेकडा-अभ्रिका. सुमारे ९७६ चौरस सेंटिमीटर क्षेत्राच्या या अभिज्ञातकात चौसष्ट घटक असून त्याच्या वेधांची व्यवस्था पुण्याच्या आयुका या संस्थेकडे सोपविण्यात आली. याच उपकरणाच्या साहाय्याने संतोष वडवळे व सहकाऱ्यांनी २०१८ साली अभ्रिकेच्या १०० ते ३८० कि.इ.व्हो. क्ष-किरणांचे ध्रुवण प्रसिद्ध केले. मानदंड म्हणून पाहिलेला स्रोत येथे स्वतःच संशोधनाचा विषय झाला.

अंशशोधनाच्या दृष्टीने अधिक उद्बोधक कथा त्याच उपग्रहावरील मोठ्या क्षेत्रफळाच्या प्रमाणी गणित्रांची, म्हणजे लॅक्सपीसीची आहे. टाटा संस्थेत घडविलेल्या या तीन गणित्रांत सुमारे दोन वातावरण दाबाचा झेनॉनप्रधान वायू भरलेला होता. त्यांपैकी तिसऱ्यात प्रक्षेपणानंतर लवकरच गळतीची चिन्हे दिसली आणि वायूची घनता क्रमाने घटत गेली. घनता घटल्यास मंद क्ष-किरण तरीही शोषले जातात. परंतु अधिक ऊर्जेचे फोटॉन गणित्रातून आरपार निघून जातात. परिणामी स्रोत उच्च ऊर्जेस मंद झाल्याचा आभास होतो. विसावे शतक संपता संपता ज्यांनी रॉसीच्या नोंदी चाळल्या त्यांच्यापुढे असता तोच पेच येथे उलट दिशेने उभा होता : या वेळी दृष्टीच अधू होत होती. शेजारच्या, सुस्थितीतील गणित्राने त्याच क्षणी घेतलेले वेध हाताशी असल्यामुळे हा निर्णय करता आला. अंगभूत अमेरिसियम-२४१ या समस्थानिकाचे सुमारे ६० कि.इ.व्हो. चे किरण स्पंदाच्या उंचीचा संबंध सांगतात. पण किती फोटॉन निसटले हे त्यांवरून कळत नाही. त्यासाठी पुन्हा अभ्रिकेकडेच वळावे लागते, आणि तेथे तिच्या स्वतःच्या चढउताराची मर्यादा आड येते. तिसरे गणित्र २०१८ मध्ये बंद करण्यात आले.

८. उपसंहार

अभ्रिकेस मानदंडाच्या पदावरून दूर करावे काय? व्यवहाराचे उत्तर नकारार्थी आहे. २०१७ साली मॅडसन व सहकाऱ्यांनी नुस्टार दुर्बिणीचे आरसे टाळून, बाजूच्या फटीतून अभिज्ञातकावर थेट पडणारे अभ्रिकेचे किरण मोजले. आरशांच्या अंशशोधनावर अवलंबून नसलेल्या या मापनात घातांक २.१०६ आणि गुणक ९.७१ आला. ४३ वर्षांपूर्वीच्या मूल्यांशी हा मेळ लक्षणीय आहे. अभ्रिका एका सरासरीभोवती काही टक्क्यांनी वरखाली होते; ती भरकटत गेलेली नाही.

बदल झाला पाहिजे तो वापराच्या पद्धतीत. क्रॅबच्या एककात तेज सांगताना ऊर्जेचा पट्टा व वेधाचा काळ नमूद करावा. शक्य तेथे निरनिराळ्या उपकरणांनी एकाच वेळी वेध घ्यावेत. भिन्न वर्षांच्या वेधांची तुलना करताना तीन-चार टक्क्यांची अनिश्चितता आरंभीच मान्य करावी. अखंड तेजाबरोबर स्पंदांचे तेजही स्वतंत्रपणे काढावे. घातांकाच्या चुकीचा परिणाम सतत दृष्टीसमोर असावा : १ कि.इ.व्हो. पाशी गुणक पक्का ठेवून घातांक २.१० ऐवजी २.१५ घेतला तर १०० कि.इ.व्हो. वरील प्रवाह सुमारे एकपंचमांशाने कमी येतो. मृदू क्ष-किरणांत, जेथे अभ्रिकेच्या तेजाने आधुनिक अभिज्ञातक गांगरून जातात, तेथे जी२१.५-०.९ सारखे मंद अवशेष घ्यावेत. दीर्घिकांचे समूह हेही उपयुक्त साक्षीदार आहेत. लाखो प्रकाशवर्षे पसरलेला तप्त वायू मानवी आयुष्याच्या कालमानात बदलू शकत नाही. या कामासाठी स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय अंशशोधन मंडळाची २०१६ ची बैठक पुण्यास आयुकात भरली होती.

पॅरिसजवळ जपून ठेवलेल्या प्लॅटिनम-इरिडियमच्या किलोग्रॅमचा इतिहासही असाच आहे. शंभर वर्षांत तो व त्याच्या प्रतिकृती यांत सुमारे ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडला. पण बदलले कोण, मूळ की प्रती, हे केवळ त्यांच्या तुलनेवरून ठरविता येईना. अखेर २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या निसर्गाच्या स्थिरांकावर बसविण्यात आली. उच्च-ऊर्जा खगोलशास्त्रास अशी सुटका अद्याप लाभलेली नाही. त्यास आपल्या वजनाच्या चंचलतेचा जमाखर्च ठेवूनच वजन करावे लागते.

ॲस्ट्रोसॅटच्या वेधांचा संग्रह ठराविक मुदतीनंतर सर्वांस खुला होतो. त्यात अभ्रिकेचे अनेक वर्षांचे वेध आहेत. नागपूर विद्यापीठाच्या परिक्षेत्रातील, गोंदियासारख्या ठिकाणच्या महाविद्यालयातील पदव्युत्तर विद्यार्थ्यासही संगणकाच्या साहाय्याने त्यांतून स्पंद आणि अखंड तेज वेगळे काढून त्यांचे गुणोत्तर वर्षानुवर्षे कसे बदलले हे पाहता येईल. त्यास महागडे यंत्र लागत नाही. हाती आलेला उतार दिव्याचा की दृष्टीचा, हा प्रश्न निष्कर्ष लिहिण्यापूर्वी विचारण्याची सवय मात्र लागते.